कासरा आणि सुकाणू

वाडी, कवठे महांकाळजवळ
नागपंचमी, ता. ५ ऑगस्ट १९४३

चि. ज्ञानूस बनूआक्काचा आशीर्वाद.

काल तुझ्या नावानं भावाचा उपवास धरला. आज वारुळाला जाऊन आले. पोरींनी झिम्मा घातला, मी कडंला बसून बघितला. मन काय लागंना, म्हणून दिस बुडायच्या आत कागद घेऊन बसले. आबांनी चौथीपातुर शाळंत घातलं, त्याचा उपेग आज हुतोय.

तुमी दोघं जाऊन पंधरा दिस झालं. पोचल्याचं कार्ड मिळालं. त्यात "दाजी बरे आहेत" एवढीच ह्यांची बातमी. ह्यांनी स्वतः काय सांगितलं न्हाई व्हय रं लिवायला? सही येत न्हाई तर आंगठा तरी उठवायचा.

मी भांडायला लिवत न्हाई. पर तूच सुट्टीवर आलास, खाकी कपडे घालून आमच्या कट्ट्यावर बसलास आन समुद्राच्या गोष्टी सांगितल्यास. रानात थोरल्या भाऊजींचा शब्द चालतो, ह्यांनी नुसतं बैलामागं चालायचं. तेवढ्यात तुझ्या गोष्टी कानावर पडल्या. बेंदराला ह्यांनी बैलांची शिंगं रंगवली, वाजत गाजत मिरवली, आन तिसऱ्या दिवशी कासरा थोरल्याच्या हातात देऊन तुझ्यामागनं निघाले. मी दारात हुते. "येतो" म्हणाले. एवढंच.

ज्ञानू, आपण संगमावरची मानसं. आय गेल्यावर मी तुला कडंवर घिऊन कृष्णेवर धुणं धुवायची, तू सहा वर्षाचा हुतास तवा पाण्यात उडी टाकायचास. ह्यांचं तसं न्हाई. कवठ्याच्या माळावर पाऊसबी पाव्हण्यावानी येतो आन च्या पिऊन जातो. गुडघ्याच्या वर पाणी ह्यांनी मोटंच्या विहिरीतच बघितलं असंल, तेबी वरनं.

म्हणून सांगते. तू नेलंस, तूच सांभाळ. तुमची ताटातूट हुऊ दिऊ नको. ज्या नावंत तू त्याच नावंत ते. दुसरं मला काय नगं.

आत्याबाई आन मामंजी बरे हाईत. पत्राची वाट बघते.

तुझी आक्का


(ठिकाण लिहायला मनाई)
ता. २८ ऑगस्ट १९४३

ती. सौ. आक्कास ज्ञानूचा दंडवत.

तुझं पत्र मिळालं. दाजींना वाचून दाखवलं. ऐकताना त्यांनी हातातली दोरी सोडली नाही, पण उपवासाचं ऐकून हसले आणि म्हणाले, "लिव तिला, आमीबी जेवतोय म्हणावं दोन वेळ." तेवढं लिहिलं.

आमचं काम सांगतो. फौजेनं कोकणातले मोठे लाकडी मचवे घेतले आहेत. त्यातून धान्य, दारूगोळा, माणसं न्यायची. पावसाळा सरला की हे मचवे किनाऱ्याकिनाऱ्यानं फार लांब न्यायचे आहेत. कुठे ते आम्हालाही सांगितलेलं नाही. तोवर शिकायचं. मी गेल्या वर्षी शिकलो म्हणून मला नाईक केलंय आणि आठ माणसांचा एक मचवा हाताखाली दिलाय. दाजी माझ्याच मचव्यात आहेत, काळजी सोड. आम्हाला शिकवायला दाभोळकडचे हसनचाचा म्हणून म्हातारे तांडेल आहेत. त्यांची सगळी हयात शिडाखाली गेली. ते साहेबालासुद्धा ओरडतात.

(इथे चार ओळी काळ्या शाईनं बुजवलेल्या.) सकाळी खाडीत वल्ही मारायची, दुपारी दोर आणि शीड, संध्याकाळी सुकाणू. दोराच्या कामात दाजींचा हात धरणारा आख्ख्या कंपनीत कोणी नाही. तुटलेल्या दोराची दोन टोकं अशी विणून देतात की सांधा हाताला लागत नाही. हसनचाचा म्हणाले, "ये किसान का हाथ नहीं, खलाशी का है." दाजींनी मला हळूच विचारलं, "काय म्हणतो रं म्हातारा?" मी सांगितलं तेव्हा दिवसभर खुशीत होते.

सुकाणूचं मात्र जरा अवघड जातंय. तुला सांगायला हरकत नाही, हसशील. बैलाचा कासरा ज्या अंगाला ओढावा त्या अंगाला बैल वळतो. सुकाणूच्या दांड्याचं उलटं आहे. दांडा डावीकडे ओढला की नाव उजवीकडे वळते. दाजींना हे तोंडपाठ आहे, विचारलं तर बरोबर सांगतात. पण मी एकदम ओरडलो, "दाजी, डावीकडं!" की त्यांचा हात कासरा ओढल्यासारखा डावीकडंच जातो. मग नाव भलतीकडे. सगळे हसतात, तेही हसतात. वीस वर्षांची हाताची सवय, महिन्याभरात कशी जाणार? होईल सगळं.

मला मात्र एका गोष्टीची चोरी वाटते. मी हुकूम द्यायचा आणि दाजींनी "जी" म्हणायचं. मी म्हणालो, "दाजी, जी म्हणू नका." तर म्हणाले, "नावंवर तू थोरला. घरी गेल्यावर पाय धर."

ज्ञानू


वाडी
ता. १४ सप्टेंबर १९४३

चि. ज्ञानूस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. त्यात चार वळी काळ्या शाईनं बुजवल्यात. उन्हात धरून बघितलं, पाठीमागनं बघितलं, दिव्यापुढं धरलं. काय बी दिसलं न्हाई. गुरुजी म्हणाले, सरकारी मानूस पत्रं वाचून बुजवतो. काय हुतं रं त्या वळीत? ह्यांच्याविषयी हुतं का? दोन दिस मला भाकर गेली न्हाई.

गावात गणपती बसले आन उठले. आत्याबाई रोज विचारत्यात, "नावंवर सावली असती का गं?" मी म्हणते, शीड असतं, त्याची पडत असंल. मामंजी काय विचारत न्हाईत. ह्यांचा खिल्लारी आता थोरल्या भाऊजींच्या हातनं वैरण खात न्हाई, म्हणून मामंजी रोज स्वतः त्याच्यापुढं जाऊन बसत्यात.

सुकाणूचं वाचून मी हसले न्हाई. तुला एकच विचारते, आन तू खरं सांग. ह्यांना पाण्याचं भ्या वाटतं का?

आक्का


(ठिकाण लिहायला मनाई)
ता. ६ ऑक्टोबर १९४३

ती. सौ. आक्कास दंडवत.

बुजवलेल्या ओळीत खाडीचं आणि गावाचं नाव होतं, दुसरं काही नाही. माझीच चूक. उगीच तुला उपाशी ठेवलं.

दाजींना भीती वाटत नाही. पहिल्या दिवसांत उलट्या झाल्या, त्या सगळ्यांनाच होतात. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "भ्या कसलं? पाणी ते पाणी."

आता खरी बातमी. हे पत्र सुट्टीवर निघालेल्या एका गड्याच्या हाती देतोय, म्हणून उघड लिहितो. आमची परीक्षा झाली आणि दाजी पास झाले! पेढे वाट.

झालं असं की परीक्षेआधी इथं बातमी उठली होती. नापास होतील त्यांना पूर्वेकडच्या डोंगरात रस्ते फोडायला धाडणार. तिथं हिवतापानं माणसं मरतात म्हणे. मला तुझं पत्र आठवलं. दाजी तिकडे आणि मी इकडे, मग तुला काय तोंड दाखवणार? गाठी, दोर, वल्ही यात दाजी पहिले आले. राहिलं सुकाणू. कप्तानसाहेब मागं बसणार आणि प्रत्येकानं नाव तरंगत्या पिपाला वळसा घालून धक्क्याला आणून लावायची. आदल्या दिवशी मी दाजींना म्हणालो, "मी पुढच्या टोकाला, नाळेवर, तुमच्याकडं तोंड करून बसतो. मी उजवा गुडघा खाजवला की दांडा तुमच्या डाव्या हाताला लोटा, डावा खाजवला की उजव्या. बाकी कुणाचं काही ऐकू नका."

दाजींनी हातातला दोर गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "हे बरं हाय का, ज्ञानबा?" मी म्हणालो, "एवढं सगळेच करतात. पुढं वाटेत महिनाभर हातात दांडा राहिला की आपोआप येईल."

नाव धक्क्याला लागली ती अशी की हसनचाचांनीसुद्धा माझ्याकडं बघितलं. साहेबानं कागदावर खूण केली. आपल्या भागातला आकाराम मात्र नापास झाला. बिचाऱ्याचं नशीब.

तुझा शब्द राखला, आक्का. जिथं मी तिथं दाजी.

ज्ञानू


(कार्ड)
ता. १८ ऑक्टोबर १९४३

ती. सौ. आक्कास दंडवत. उद्या पहाटे निघतो. जास्त लिहायला परवानगी नाही. दाजी खुशाल. त्यांनी स्वतःच्या हातानं वळलेला दोर मचव्याला बांधलाय. दिवाळीला आम्ही पाण्यावर असू, तू आमच्या वाटचा फराळ कर. आता पत्र कधी येईल सांगता येत नाही, तरी घाबरू नकोस.
ज्ञानू


वाडी
ता. २० ऑक्टोबर १९४३

ज्ञानू,

आशीर्वाद-बिशीर्वाद मागनं. हे पत्र हातात पडल्या पडल्या साहेबाकडं जा.

काल कवठ्याच्या बाजारात आकाराम भेटला. मी त्याला बघून रडाय लागले. म्हणलं, बिचारा डोंगरातनं पळून आला. तर तो हसाय लागला. म्हणाला, "आवं वैनी, कसला डोंगर? आमी नापास सगळे तिथंच हाय. गोदामाच्या पहाऱ्याला. जमिनीवर झोपतोय, दिवाळीला पंधरा दिस सुट्टी दिलीय." नापास झालेला मानूस घरात लेकरं मांडीवर घिऊन बसलाय, ज्ञानू. आन आपण पेढे वाटले.

आनिक एक. ह्यांनी त्याच्या तोंडी निरोप धाडला. तो सांगंना, मी लय खोदून विचारलं तवा सांगितला. ह्यांनी म्हणलंय, "बनूला सांग, मला पाण्याचं लय भ्या वाटतं. रात रात झोप न्हाई. डोळं मिटलं की खाटंखालची भुई हालती. पर ज्ञानूला कळू दिऊ नको म्हणावं. पोरानं माझ्यापायी साहेबाची चोरी केली. आता मी मागं सरलो तर त्याची मान खाली जाईल."

तू मला सांगितलंस, भ्या वाटत न्हाई. त्यांनी तुला तसं सांगितलं. आन तुला "ताटातूट करू नको" म्हणून मी लिवलं. कुणी कुणाला खरं सांगितलं आपण?

आता माझं ऐक. साहेबापुढं जा आन सांग, ह्या मानसाला नाव चालवता येत न्हाई, मी खुणा केल्या हुत्या. तुला शिक्षा झाली तर हुऊ दे. तुझी नाईकाची फीत काढली तर काढू दे. मी तुला ल्हानाचा मोठा केला, त्याचं मोल समज आन एवढं कर. त्यांना नापास कर. पहाऱ्याला बसव. भांडी घासाय लाव. पर जमिनीवर ठेव.

मामंजी स्वतः हे पत्र घिऊन चालत मिरजंला निघालेत. तिथनं लवकर जातं म्हणत्यात.

आक्का


वाडी
ता. २३ नोव्हेंबर १९४३

चि. ज्ञानूस,

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते ठावं न्हाई. जुन्याच टाकते. माझं मागलं पत्र परत आलं. पाकिटावर तांबड्या शाईनं इंग्रजी लिवलंय. गुरुजी म्हणाले, "माणसं पुढं गेली" असं लिवलंय. तुझं कार्ड आन माझं पत्र वाटंत एकमेकाला भेटून गेलं असंल. ते पत्रबी ह्याच्यासंगं परत टाकते.

परवा सरकारी लखोटा आला. पोस्टमन देताना खाली बघत हुता. गुरुजींनी वाचला. ह्यांचंच नाव. सिद्धू, नंबर अमका, पल्टण अमकी, ऑक्टोबरच्या अठ्ठावीस तारखेपासनं समुद्रात बेपत्ता. अठ्ठावीसला दिवाळी हुती. मी त्या दिवशी कानवले तळत हुते.

आत्याबाई म्हणाल्या, "बेपत्ता म्हंजी पत्ता न्हाई. पत्ता न्हाई म्हंजी मानूस हाय, ठिकाण कळंना." त्यांनी माझ्या हातातल्या बांगड्या मोजून बघितल्या.

तू हायेस का रं? तुझ्या नावाचा लखोटा आला न्हाई, म्हणून तू हायेस असं धरून चालले. तू हुतास त्या नावंत. काय झालं ते लिव. बुजवतील तर बुजवू देत, दुसऱ्यांदा लिव.

आक्का


पूर्वेकडच्या एका बंदरातून
ता. १२ डिसेंबर १९४३

ती. आक्कास,

वाईकडचे हवालदार नाथाजी सुट्टीवर निघालेत. त्यांच्या हाती हे पत्र देतोय म्हणजे कोणी बुजवणार नाही. ते कराडहून पुढं स्वतः वाडीला येऊन तुझ्या हातात देतील. तुझी दोन्ही पत्रं मला परवा एकदम मिळाली. वीस ऑक्टोबरचं सुद्धा. ते कुठं कुठं फिरलं कुणास ठाऊक, पाकिटावर सहा शिक्के आहेत.

मी जिवंत आहे. आता सगळं सांगतो, काही राखून ठेवत नाही.

मचव्यांना इंजिन नव्हतं. शीड होतं, पण लांबच्या पल्ल्याला एका मोठ्या बोटीच्या मागं दोरानं तीन मचवे बांधले होते. आमचा शेवटचा. ओढलेल्या नावेलासुद्धा सुकाणू धरावं लागतं, पुढच्याच्या मागोमाग सरळ ठेवावी लागते. ती तिरकी झाली की लाट कुशीवर येते. हसनचाचांनी पहिल्या दिवसापासून एकच शिकवलं होतं, लाट नाळेवर घ्या, कुशीवर घेऊ नका.

आठ दिवस दाजींनी पाळी बरोबर केली. समुद्र तळ्यासारखा होता. सहाव्या दिवशी त्यांनी मला हाक मारून दाखवलं, "बघ ज्ञानबा, आता हात चुकत न्हाई." मला इतका आनंद झाला होता.

कोचीन सोडून दुसरा दिवस. दुपारी अडीच-तीनचा सुमार. पूर्वेकडून एकदम काळं आलं आणि वारा सुटला. दोघं तिघं उलट्या करून आडवे झाले होते. पुढचा दोर नाळेवर घासून तुटायला आला होता, म्हणून मी आणि सिंदूर गावचा एक गडी पुढं गेलो. दांड्यावर दाजी एकटे राहिले. मी दोराखाली गोणपाट कोंबत होतो. मान वर केली तर डाव्या अंगानं लाट वळून येत होती की आमची नावच तिला कूस देत होती, मला आजही सांगता येत नाही. मी ओरडलो. आक्का, मी काय ओरडलो ते ऐक. मी ओरडलो, "दाजी, डावीकडं!" गुडघा खाजवायला वेळ नव्हता. ओरडायचं नाही हे मलाच ठाऊक होतं आणि मीच ओरडलो.

नाव डावीकडं वळायला दांडा उजवीकडं जायला हवा होता. त्यांनी दांडा डावीकडं ओढला. सगळं बळ लावून ओढला. नाव आडवी झाली आणि लाट कुशीवरून आत आली. पाणी ओसरलं तेव्हा मागं कोणी नव्हतं.

त्यांच्या अंगात बुचाचं जाकीट होतं. मी सकाळी स्वतः बांधलं होतं. म्हणून ते बुडाले नाहीत. मला दिसले. पन्नास हातांवर, मग शंभर. तोंड आमच्याकडं होतं. हात वर केला. हाक मारत होते की नाही ते वाऱ्यात ऐकू आलं नाही.

आम्ही निशाण हलवून मोठ्या बोटीला थांबायची खूण केली. तिनं उलट खूण केली, चालत राहा. त्या पाण्यात शत्रूच्या पाणबुड्या फिरत होत्या आणि कुणासाठीही थांबायचं नाही असा हुकूम होता, हे आम्हाला निघतानाच सांगितलं होतं.

दोर तोडायची कुऱ्हाड नाळेवरच असते. ती माझ्या हातात होती. एक घाव घातला असता तर आम्ही सुटलो असतो आणि मागं गेलो असतो. शीड फाटलं होतं. नावेत गुडघाभर पाणी होतं. वल्ह्यांवर बसू शकतील अशी चार माणसं. सुटलेली नाव त्या वाऱ्यात मागं जाईल की उलटी होईल, हे मला ठाऊक होतं, कारण मला तेच शिकवलं होतं. सगळे माझ्याकडं बघत होते. सिंदूरचा गडी म्हणाला, "नाईक, आमाला लेकरं हाईत." एवढंच म्हणाला.

मी घाव घातला नाही. कुऱ्हाड धरून उभा राहिलो. दाजी लहान होत गेले. मग लाटांमध्ये कधी दिसत, कधी नाही. मग नाही.

हे मी तुला दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगू शकत नाही.

बंदराला लागल्यावर मी कप्तानसाहेबापुढं गेलो. पुढच्या मचव्यात असलेल्या हसनचाचांना सोबत नेलं. सांगितलं, परीक्षेत मी खुणा केल्या, दाजींना सुकाणू येत नव्हतं, मला शिक्षा द्या. साहेबानं सगळं ऐकून घेतलं. मग मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "तुमारा घुटना हम देखा था." त्यानं पेन उचललं. "आदमी कम था," म्हणाला आणि कागद पुढं ओढून लिहायला लागला. मी उभाच होतो. शेवटी चाचांनी हाताला धरून मला बाहेर आणलं.

शिक्षा नाही. फीत काढली नाही. उलट चार दिवसांनी नवा मचवा आणि नवी माणसं दिली. सुट्टी मागितली, लढाई संपेपर्यंत मिळणार नाही म्हणाले. आता त्या नव्या माणसांना मीच सुकाणू शिकवतो.

मामंजी आणि आत्याबाईंना काय सांगायचं ते तू ठरव. सांगायला मी यायला हवं होतं, मला येता येत नाही. मी काय करू ते तरी सांग. तू सांगशील ते करीन.

ज्ञानू


वाडी
ता. १६ जानेवारी १९४४

चि. ज्ञानूस आक्काचा आशीर्वाद.

नाथाजी हवालदार येऊन पत्र देऊन गेले. भला मानूस. पाणीसुद्धा न पिता दारात उभा राहिला. पाकीट फोडलं आन पयल्याच वळीत कळलं. दरवेळंला तू "ती. सौ." लिवतोस. ह्या वेळंला सौ. न्हवतं. पुढचं सगळं मी तवाच वाचल्यागत झालं, तरी वाचलं.

तू विचारलंस, काय करू. मला ठावं न्हाई रं. तुला शिक्षा हवी, ती माझ्यापाशी न्हाई. रागवावं म्हणून मी लय येळ बसले. तू नेलंस असं मीच लिवलं, आन ताटातूट करू नको असंबी मीच लिवलं. कुठलं खरं धरू? तू कुऱ्हाड घातली न्हाईस. त्या नावंतल्या मानसांच्या बायकांची नावं मला ठावं न्हाईत. दळताना त्यांच्यावर जळते. मग वाटतं, त्यांच्या जागी मी असते तर त्या गड्याच्या पाया पडले असते. मग माझीच मला लाज वाटती. असं रोज चाललंय.

मी घरात चार दिस काय सांगितलं न्हाई. मामंजींनी विचारलं न्हाई. ते खिल्लाऱ्यापाशीच असत्यात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "उद्या सवाष्णींसंगं ववसायला जायाचं न्हवं? सुगडं आणलीत." मग मला राहवलं न्हाई. मी त्यांना पत्र वाचून दाखवलं. सगळं. गुडघ्याचं, कुऱ्हाडीचं, साहेबाचं. काय गाळलं न्हाई. गाळून गाळून आपण हितवर आलो.

त्या ऐकत हुत्या. मधी एकदाबी रडल्या न्हाईत. सरल्यावर म्हणाल्या, "त्याच्या अंगात जाकीट हुतं न्हवं?"

मी म्हणलं, "हुतं."

"बुचाचं?"

"व्हय."

"बूच बुडत न्हाई."

मी पत्राची घडी घातली.

"ज्ञानूनं त्याला बुडताना बघितलं का?"

"न्हाई आत्याबाई. दिसायचा थांबला, एवढंच."

"मग?" म्हणाल्या. अशा म्हणाल्या, जसं मीच अडाणी. मग त्यांनी विचारलं, "समुद्राला पल्याड काठ असतो का गं?"

मी कृष्णा बघितलीय, तिला पल्याड काठ हाय. मी म्हणलं, "असतो."

"मग कवातरी लागंल," म्हणाल्या. उठल्या, करंडा आणला आन माझी हनुवटी धरून कुंकू लावलं. थोडं कुंकू नाकावर सांडलं, ते त्यांनी पदरानं पुसलं. दुसऱ्या दिवशी मी ववसायला गेले. देवळात बायका माझ्याकडं बघत हुत्या. मी सगळ्यांना वाण दिलं, घेतलं. हळद लावून घेतली.

ज्ञानू, तू ह्यांना शेवटचं बघितलंस. तुझं पत्र मी पाठ केलंय, त्यात कुठंबी मेले असं लिवलेलं न्हाई. तू सौ. मातर लिवलं न्हाईस. आता मी कुणाचं खरं मानू, तुझं का आत्याबाईंचं? रोज सकाळी करंडा उघडताना माझा हात थांबतो. त्या वसरीतनं बघत असत्यात.

तू म्हणालास, सांगशील ते करीन. मग एवढं कर. मी समुद्र बघितला न्हाई, तू बघितलायस. मी आत्याबाईंना काठ हाय म्हणून सांगितलंय. हाय का न्हाई, ते एक कळव. आन न्हाई असंल, तर लगेच कळवू नको.

आक्का